ओस शाळागृह आणि विज्ञानाची शाळा

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत आडवाटेनें जाणाऱ्यास एक देखावा अधूनमधून भेटतो. पाड्याच्या कडेला दोन खोल्यांचें बैठें शाळागृह. पुढें पडवी, भिंतीवर रंगविलेले पाढे व बाराखडी, अंगणांत झेंड्याचा ओटा. पाढ्यांचा रंग अजून पुरता उडालेला नसतो, पण दाराला टाळें असतें आणि पडवींत कोणीतरी भाताचा पेंढा रचून ठेविलेला असतो. चौकशी केली तर कळतें कीं मुलें कमी झालीं, गुरुजींची बदली झाली, उरलेल्या चार मुलांचीं नांवें पलीकडच्या गांवच्या शाळेंत घातलीं.

अशा एखाद्या ओस शाळागृहांत विज्ञान, तंत्र, यंत्रविद्या व गणित यांची खास शाळा काढावी, अशी कल्पना अलीकडे पुष्कळांच्या तोंडून ऐकूं येते. इंग्रजी आद्याक्षरें जुळवून अशा शाळेस ‘स्टेम’ शाळा म्हणण्याचा प्रघात पडला आहे. नांव कांहींही असो, कल्पना मोहक आहे खरी. भिंती उभ्या आहेत, छप्पर आहे, अंगण आहे. थोडी डागडुजी केली, चार उपकरणें आणिलीं कीं झालें! आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं इंजिनियर, प्राध्यापक वा डॉक्टर आहेत, त्यांस तर ती तत्काळ पटेल. आम्हांसही ती पटली. परंतु जरा खोलांत शिरून विचार करूं लागलों, तेव्हां आधीं एका प्रश्नाचें उत्तर मिळविणें भाग पडलें. हें घर ओस कां पडलें?

कारणें अनेक आहेत. घरोघरीं मुलांची संख्या घटली. ज्याला थोडी ऐपत आली तो मुलास तालुक्याच्या इंग्रजी शाळेंत गाडीनें धाडूं लागला. कांहीं आदिवासी मुलें आश्रमशाळेंत राहावयास गेलीं. आणि ज्यांस यांपैकीं कांहींच साधत नाहीं, त्या कातकरी कुटुंबांचें तर बिऱ्हाडच पाठीवर. दिवाळी आटोपली कीं तीं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, तीं पावसाच्या तोंडावर परत येतात. मूल हजेरीपटावर असतें, पण वर्गांत नसतें. ‘विधायक संसद’ या संस्थेनें एके काळीं भट्ट्यांवरच ‘भोंगाशाळा’ उघडून शाळेला मुलामागें नेलें होतें. पण तेवढ्यानें पाड्यावरच्या शाळेची हजेरी कांहीं भरून येत नाहीं.

मग सरकारी हिशेब सुरू होतो. डिसेंबर २०१७ मध्यें राज्य सरकारनें दहापर्यंत पट असलेल्या सुमारें तेराशें शाळा बंद करून त्यांतील मुलें जवळच्या शाळांत सामावून घेण्याचें जाहीर केलें. पुढें सप्टेंबर २०२३ मध्यें, वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचे प्रस्ताव मागविण्यांत आले. त्या वेळीं अशा शाळा १४,७८३ आणि त्यांतील मुलें सुमारें १ लाख ८५ हजार असल्याचे आंकडे प्रसिद्ध झाले होते. पुणे जिल्ह्यांतील पानशेत व नंदुरबारांतील तोरणमाळ हे नमुने म्हणून दाखविले गेले, आणि शिक्षकांनीं व पालकांनीं जागोजाग विरोधही केला. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. सहा मुलांच्या वर्गांत ना खेळ, ना चढाओढ, ना सहाध्यायी. पण शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, त्यावरील नियम पहिली ते पांचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरांत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरांत असावी असें सांगतात. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें सहा वर्षांचें मूल होतें. श्रावणांत शहापूरच्या डोंगराळ भागांतील ओहोळ दुथडी भरून वाहतात. त्या ओहोळांतून त्या मुलास रोज ने-आण कोणी करावयाची? आई रोजंदारीवर गेलेली. दोन दिवस मूल जात नाहीं, मग आठ दिवस, आणि पुढें त्याची शाळा सुटते ती कायमची.

म्हणून आमचें पहिलें म्हणणें असें कीं, विज्ञानशाळेच्या निमित्तानें एकही चालती प्राथमिक शाळा बंद पडतां कामा नये. जें शाळागृह आधींच ओस आहे, तेंच घ्यावें. आणि त्यांत जें काढावयाचें तें आसपासच्या लहान शाळांस खाऊन टाकणारें नसावें, त्यांस पोसणारें असावें. तें कसें, तें पुढें येईलच.

ओस शाळागृहांची चिंता आपल्यालाच आहे असें नाहीं. जपानांत मुलांच्या अभावीं दरसाल शेंकडों शाळा बंद होतात, आणि २०१० पासून तेथील शिक्षणखातें अशा इमारतींची यादी प्रसिद्ध करून त्या कोणी उपयोगांत आणाव्या म्हणून आवाहन करीत आलें आहे. कोची प्रांतांत मुरोतो येथें समुद्रकांठच्या एका बंद प्राथमिक शाळेंत २०१८ साली मत्स्यालय उघडलें. शाळेचा पोहण्याचा तलाव होता त्यांत आतां समुद्रांतील कासवें पोहतात, आणि तेथले पुष्कळसे मासे हे गांवच्याच कोळ्यांच्या जाळ्यांत सांपडलेले असतात. दुर्मिळ मासे परदेशाहून आणण्याच्या भरीस तीं माणसें पडलीं नाहींत. जें दारांत होतें तेंच त्यांनीं कांचेमागें ठेविलें, आणि लोक लांबून पाहावयास येऊं लागले.

तेव्हां शहापूर-मुरबाडच्या दारांत काय आहे, तें पाहूं.

आधीं पाणी घ्या. मुंबईकर ज्या पाण्यावर जगतात त्याचा मोठा भाग याच मुलखांतून जातो. तानसाचें धरण १८९२ सालचें; त्याचें पाणी पंपावांचून, केवळ उतारानें मुंबईकडे वाहत जातें. वैतरणेवरील जलाशयास ज्यांचें नांव आहे ते मोडक मुंबई महापालिकेचे इंजिनियर होते. भातसा तर एकटी मुंबईच्या पाण्याचा सुमारें निम्मा भार वाहते. आणि याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते. या विसंगतीबद्दल पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्ही ती येथें धडा म्हणून पाहतों. पाणी आपण होऊन इतकें दूर कसें जातें? गवंडी ज्या पारदर्शक नळींत पाणी भरून भिंतीची पातळी जुळवितो, ती पंधरावीस हात नळी घेऊन सातवींतील चार मुलीं पाड्यापासून विहिरीपर्यंतचा चढउतार एका सकाळीं मोजतील. मोजून झालें कीं वहींत त्याचा आलेख काढतील. आपल्या पाड्यावर पाणी कां चढत नाहीं, कोठें टाकी बांधली तर चढेल, हें त्यांस त्या आलेखांत दिसेल. ग्रामसभेंत तो कागद मांडला तर वडीलधाऱ्यांसही त्याकडे लक्ष द्यावें लागेल.

दुसरी गोष्ट सह्याद्रीची चढण. मनुष्यानें हा डोंगर ओलांडण्याच्या ज्या युक्त्या योजिल्या, त्यांतील तीन मोठ्या या दोन तालुक्यांस लागून आहेत. नाणेघाटाची पायवाट मुरबाड तालुक्यांतील वैशाखऱ्याजवळून चढते. थळघाटाचा लोहमार्ग १८६५ साली पुरा झाला. त्याची चढण सदतीसास एक, म्हणजे ३७ फूट पुढें जावें तेव्हां १ फूट वर. आणि म्हणूनच कसाऱ्यास गाडीला मागून जादा एंजिनें लावावीं लागतात. तिसरी युक्ति अगदीं कालची : समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि त्यांतील सुमारें आठ किलोमीटरांच्या बोगद्यानें डोंगर चढण्याऐवजीं भेदलाच आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी वाट तासतो, दीडशें वर्षांपूर्वीचा इंजिनियर उतार मोजतो, आजचा कातळ पोखरतो. त्रिकोणमिति शिकविण्यास याहून बरी आकृति कोणत्या पुस्तकांत सांपडेल?

नाणेघाटाचा उल्लेख आला म्हणून थोडें विषयांतर करितों. तेथल्या लेण्यांत सातवाहन राणीचा ब्राह्मी लिपींतील शिलालेख आहे, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाणीं यांची त्यांत मोजदाद आहे, आणि ती आंकड्यांनीं लिहिलेली असल्यामुळें अंकलेखनाच्या इतिहासांत हा लेख जगभर प्रसिद्ध आहे. त्यांत शून्य नाहीं आणि स्थानमूल्यही नाहीं. दहास वेगळें चिन्ह, शंभरास वेगळें, हजारास वेगळें. चार हजार लिहावयाचे तर हजाराच्या चिन्हास चाराचें चिन्ह जोडावयाचें. मुलांस त्या रीतीनें चोवीस हजार चारशें लिहावयास सांगावें आणि मग त्या रीतीनें गुणाकार करावयास सांगावा. पांच मिनिटांत तीं रडकुंडीस येतील, आणि शून्यानें आपणांवर केवढे उपकार केले आहेत हें जन्मभर विसरणार नाहींत.

तिसरी गोष्ट राब. भाताचें रोप टाकण्याआधीं वाफ्यावर पालापाचोळा, शेण, गवत पसरून उन्हाळ्यांत तो भाजावयाचा, ही या भागांतील जुनी रीति. हिच्यावरून ब्रिटिश अमदानींत जंगलखातें व शेतकरी यांचा मोठा झगडा झाला, आणि १८८५ साली ठाणें-कुलाब्याच्या जंगलप्रश्नावर जो आयोग बसला त्यापुढेंही हा विषय होता. शेतकरी म्हणे, राबावांचून रोप होत नाहीं. खातें म्हणे, राबापायीं झाडें ओकींबोकीं होतात. आतां हा वाद शाळेच्या अंगणांत आणावा. चार वाफे करावे. एक भाजलेला, एक कुजलेल्या खताचा, एकावर नुसती राख, एक कांहींच न केलेला. एकाच दिवशीं, सारख्याच मापानें बीं टाकावें. तण किती उगवलें, रोपें किती, उंची किती, हें दर आठवड्यास लिहावें. आजोबांचा अनुभव खरा ठरला तर कां खरा, तें शोधावें. तण मेलें म्हणून, कीं राखेनें पोषण मिळालें म्हणून? खोटा ठरला तर आजोबांस तें सांगण्याचें धैर्यही शिकावें. विज्ञानशाळेंत रोबोट असावा कीं नसावा यावर पुष्कळ चर्चा होते. आमचें त्याशीं वैर नाहीं. पण या चार वाफ्यांवांचून आलेला रोबोट हा जत्रेंतल्या खेळण्यासारखाच.

हा केवळ आमचा कल्पनाविलास आहे असें कोणी म्हणूं नये. पुणे जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांतील पाबळ येथें हें प्रत्यक्ष घडलें आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेंतून अन्नतंत्राची डॉक्टरेट घेऊन आलेले शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागांतील मोठ्या जागेवरून ते मुदतीपूर्वीं निवृत्त झाले आणि १९८३ साली पत्नी मीराताईंसह पाबळास जाऊन राहिले. तो भाग अवर्षणाचा, आणि त्यांनीं मुद्दाम तसाच निवडला. तेथें त्यांनीं ‘विज्ञान आश्रम’ काढला. विद्यार्थी कोण, तर शाळेनें नापास ठरवून घरीं बसविलेले! या मुलांची बुद्धि हातांतून चालते, ती पुस्तकांतून तपासली म्हणून नापास ठरली, असा त्यांचा सिद्धांत. वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, जमिनींतील पाण्याचा शोध, कोंबड्या, रोपवाटिका, रक्तगटाची तपासणी, अन्नप्रक्रिया अशीं सारीं कामें मुलांनीं करावयाचीं, आणि गांवाला ज्याची गरज तेंच करावयाचें. म्हणजे केलेल्या कामाचे पैसेही मिळतात आणि बिघडलेल्या कामाबद्दल गिऱ्हाईक कानउघाडणीही करितें. आश्रमांतील घुमटाकार घरें विद्यार्थ्यांनींच उभारलीं. पुढें २००२ साली अमेरिकेंतील एम.आय.टी. या विख्यात संस्थेनें आपल्या आवाराबाहेर पहिली ‘फॅब लॅब’ काढावयाची ठरविली, ती या पाबळांत. कलबाग २००३ मध्यें वारले. आश्रमाचें काम चालू राहिलें.

पाबळच्या उद्योगांतील एक भाग आमच्या प्रश्नाशीं अगदीं जुळतो. माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीच्या मुलांस मूलभूत तंत्रज्ञान हा विषय त्यांनीं आणविला, आणि त्यासाठीं आठवड्यांतून एक दिवस राखून ठेविला. त्या दिवशीं यंत्रकाम, वीज-ऊर्जा, शेती-पशुपालन व गृह-आरोग्य हीं चार दालनें. एकच दिवस! बाकीचे दिवस मूल आपल्या नेहमींच्या वर्गांत. आमचें ओस शाळागृह याच रीतीनें चालवितां येईल. आसपासच्या सात-आठ लहान शाळांपैकीं सोमवारीं एकीचीं वरच्या वर्गांतील मुलें येतील, मंगळवारीं दुसरीचीं. त्यांचा पट त्यांच्याच शाळेंत राहील. पहिली-दुसरीच्या लेकरांस कोठेंच जावें लागणार नाहीं. एका शाळेस न परवडणारें लेथ, सूक्ष्मदर्शक, सौर पट्टे आणि दुर्बीण आठांस मिळून परवडतील, आणि एका शाळेंत एकाकी पडलेल्या गुरुजींस आठवड्यास एक दिवस बरोबरीचा माणूस भेटेल. गुरुजींस ही सोबत किती हवी असते, याची कल्पना शहरांतील लोकांस येणें कठीण.

दुसरें उदाहरण होशंगाबादचें, ज्यास आतां नर्मदापुरम् म्हणतात. तेथें १९७२ साली किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनीं सोळा खेडवळ शाळांत, मुलांनीं स्वत: प्रयोग करून विज्ञान शिकावें असा उपक्रम काढला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील व दिल्ली विद्यापीठांतील शास्त्रज्ञ त्यांत राबले. परीक्षेस पुस्तक उघडून बसण्याची मुभा, कारण प्रश्न पाठांतराचे नसत. तीस वर्षांत तो हजारांहून अधिक शाळांत पसरला. आणि २००२ साली सरकारी आदेशानें बंद झाला. तेव्हां कोणत्याही चांगल्या शाळेचें आयुष्य एका हुकुमावर टांगलेलें ठेवूं नये, गांवाचा तीवर कांहीं हक्क असावा, एवढें यावरून आम्हीं टिपून ठेविलें आहे.

भाषेचा प्रश्न आम्ही वगळूं शकत नाहीं. मुंबईंतील होमी भाभा विज्ञानशिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झालें, आणि त्याच्या आरंभींच्या कामांतच असें दिसून आलें कीं, पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली म्हणजे गरीब घरच्या मुलांचें विज्ञान सुधारतें. मुलास विज्ञान जड गेलें नव्हतें, ‘अभिसरण’ आणि ‘विद्राव्यता’ हे शब्द जड गेले होते. वारली, कातकरी वा ठाकर मुलांचें घरचें बोलणें आपल्या पुस्तकी मराठीहून निराळें. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ पासून बोर्डीस आणि पुढें कोसबाडास, म्हणजे तेव्हांच्या याच ठाणें जिल्ह्यांत, जें केलें तें येथें आठवतें. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळाच कुरणांत नेली; ती ‘कुरणशाळा’. झाडाचें, पाखराचें, खेकड्याचें जें नांव मुलास ठाऊक आहे तें आधीं घ्यावें, मग शास्त्रीय नांव द्यावें. विज्ञानशाळेंतही याहून दुसरी वाट नाहीं.

आतां सर्वांत नाजूक गोष्ट. या शाळेंत बसणार कोण? ‘खास’ शाळा म्हटली कीं प्रवेशपरीक्षा आली, प्रवेशपरीक्षा आली कीं शिकवणी आली, आणि मग कल्याण-बदलापुराहून मोटारीनें येणारीं आपलीं मुलें-नातवंडें त्या बांकांवर बसतील. ज्या पाड्याची ती शाळा, त्याचीं मुलें खिडकींतून पाहतील. आम्ही ‘आपलीं’ असें मुद्दाम लिहिलें आहे. आपल्या घरांतील मुलांस विज्ञानाच्या संधि कमी आहेत असें नाहीं. म्हणून येथें परीक्षा नसावी. परिसरांतील प्रत्येक शाळेंतील प्रत्येक मुलाची पाळी असावी, आणि मुलींची तर कटाक्षानें.

उपकरणांची गोष्टही तीच. केंद्र सरकारनें २०१६ पासून अटल प्रयोगशाळांची योजना चालविली आहे. सहावी ते बारावीच्या मुलांसाठीं शाळेस वीस लाख रुपयांपर्यंत साह्य मिळतें, आणि दहा हजारांवर शाळांस तें मिळालें. योजना चांगली. परंतु एका शाळेंत आम्हीं असें पाहिलें कीं, मोडतील या भीतीनें सारीं उपकरणें कपाटांत कुलुपांत होतीं आणि पाहुणे आले म्हणजेच बाहेर निघत. मोडतोडीसाठीं वर्षाच्या अंदाजपत्रकांत रक्कम धरलेली असावी. जेथें कांहींच मोडलें नाहीं, तेथें कोणी हात लाविला नाहीं असें समजावें.

आणि माणूस? खेड तालुक्यांतील जालिंदरनगरची जिल्हा परिषदेची शाळा तीन मुलांवर येऊन बंद होण्याच्या बेतांत होती. दत्तात्रय वारे गुरुजी तेथें आले, गांवकरी पाठीशीं उभे राहिले, मुलें एकमेकांस शिकवूं लागलीं. पट शंभरावर गेला आणि २०२५ साली त्या शाळेस जागतिक पातळीवरील लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. इमारतीच्या आधीं तेथें गुरुजी आले होते, हा क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे.

असे गुरुजी सरकार छापून काढूं शकत नाहीं, पण त्यांच्या हाताखालीं मदतनीस आपण देऊं शकतों. कल्याण, डोंबिवली, ठाणें येथील आपल्या एकत्र कुटुंबांत एखादे काका रेल्वेंतून वा वीजमंडळांतून निवृत्त होऊन वर्तमानपत्राच्या चौथ्या वाचनाशीं आलेले असतात. एखाद्या आत्याबाईंनीं तीस वर्षें रसायनशास्त्र शिकविलेलें असतें. कसाऱ्याच्या गाडीनें आसनगांव फार दूर नाहीं. आठवड्यांतून एक दिवस, तोही भाषणासाठीं नव्हे. मुलाच्या शेजारीं बसून पंपाची मोटर उघडण्यासाठीं. आपलीं नातवंडेंही बरोबर न्यावीं. भात लावण्याच्या कामांत तीं पाड्यावरच्या मुलांकडून शिकतील, आणि तेवढ्या दिवसापुरते तरी गुरु-शिष्य उलट होतील.

जागेचा कागद जिल्हा परिषदेकडे राहील, दुरुस्तीस ग्रामपंचायत आहे, साह्यास कंपन्या आहेत. यांविषयीं लिहिण्यासारखें फारसें नाहीं. किल्लीविषयीं मात्र आहे. बंद शाळेची किल्ली बहुधा दूरच्या एखाद्या कचेरींत खिळ्याला टांगलेली असते. विज्ञानशाळेच्या दोन किल्ल्या कराव्या. एक गुरुजींपाशीं, दुसरी पाड्यावरील बचत गटाच्या बायांपाशीं, म्हणजे गुरुजी रजेवर असले तरी वाफ्यांस पाणी घालण्याची पिचकारी आणि दुर्बीण मुलांस मिळेल. आणि पडवींतील पेंढ्याच्या मालकास, काम सुरू होण्यापूर्वीं, दुसरी कोरडी जागा शोधून दिली पाहिजे.